शिडी कोण चढणार?

क्रोचिफिस्सा गुड फ्रायडेला दुपारी तीनच्या सुमारास जन्मली, हा तिचा पहिला अपराध. आईच्या पोटात आणखी दोन दिवस कळ काढली असती तर ईस्टरच्या मुहूर्तावर आली असती आणि पास्क्वालिना असं साखर लावलेलं नाव मिळालं असतं. पण कळ काढणं तिच्या स्वभावातच नव्हतं. बापानं, म्हणजे खोगिरं शिवणाऱ्या लिबोरियोनं, पाळण्यात डोकावून मुलगा नाही एवढी खात्री करून घेतली आणि म्हणाला, "आज दोघं क्रुसावर चढले. तिकडे तो आणि इकडे मी." मग पोरीचं नाव ठेवलं क्रोचिफिस्सा. म्हणजे क्रुसावर चढवलेली.

सिसिलीत असल्या नावांचं कुणाला काही वाटत नाही. आमच्या गल्लीतच एक अद्दोलोराता होती, म्हणजे दुःखिता. गावात सगळ्यात जास्त खिदळायची ती. पण क्रोचिफिस्साचं लग्न मात्र या नावापायी मोडलं. कास्त्रेंझे नावाचा पिठाच्या गिरणीवाला तिला बघायला येत होता. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "मुलगी चांगली आहे हो, पण हिला हाक मारली की दर वेळी आपणच काही तरी केल्यासारखं वाटतं." क्रोचिफिस्सा आतून ओरडली, "सवय करून घ्या! नाही तरी लग्नानंतर तुम्हीच करणार आहात!" कास्त्रेंझे टोपी घालून गेला तो पुढच्या रविवारी दुसऱ्या गल्लीत दिसला.

मी वेनेरा. तिच्या दुकानासमोर माझं मीठ-तंबाखूचं दुकान. मीठ प्रत्येक बाईला लागतं आणि तंबाखू प्रत्येक पुरुषाला, त्यामुळे रोक्कासाल्वात कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला फादरच्या आधी कळायचं. फादरना ते पापाची कबुली म्हणून कळे, मला तक्रार म्हणून. तक्रारीत खरं जास्त असतं.

बाप गेल्यावर क्रोचिफिस्सा दुकान चालवू लागली. खेचरांची खोगिरं, लगाम, पट्टे. हात बापापेक्षा बरा, जीभ बापापेक्षा लांब. आणि बापाकडून आणखी एक काम तिच्याकडे आलं होतं, ज्याबद्दल गावात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आमच्या देवळातला ख्रिस्त लाकडाचा, पुरुषभर उंच. त्याच्या खांद्यांना चामड्याचे सांधे आहेत, कारण गुड फ्रायडेला दुपारी त्याला कालवारीच्या टेकडीवर नेऊन क्रुसावर खिळतात आणि संध्याकाळी उतरवून, हात खाली दुमडून, काचेच्या पेटीत निजवतात. वर्षानुवर्षं हात वर-खाली करून चामडं झिजतं. ते बदलणारा बाप मेला होता आणि ते काम येणारी बाई होती. आता येशूच्या अंगाला बाईनं सुईदोरा लावायचा हे देवळाचे उत्सव सांभाळणाऱ्या पुरुषांच्या आमच्या बंधुमंडळाला कसं रुचणार? म्हणून मंडळी मूर्ती चादरीत गुंडाळून मागच्या दारानं तिच्याकडे आणत आणि बाहेर सांगत, "काम लिबोरियोच्या दुकानानं केलं." दुकानानं म्हणे! जसे काही दुकानाला हात फुटले होते.

ती काम करताना त्याच्याशी बोलायची. प्रार्थना वगैरे काही नाही. न्हावी गिऱ्हाइकाशी बोलतो तसं. "हं, खांदा ढिला सोड. गेल्या वर्षी कुणी ओढला रे एवढा? काही रीत आहे का यांना." मी एकदा विचारलं, "काय गं, देवाला अरे-तुरे?" तर म्हणाली, "त्याची काखसुद्धा शिवलीय मी. आता अहो-जाहो करून काय उपयोग?"

आता तिच्या धाकट्या बहिणीकडे येते. नुन्झियाता दिसायला गोरीपान, वागायला गरीब. तिला स्थळ आलं बाल्दास्सारेचं. तेलाचा घाणा, दोन मजली घर, आणि बंधुमंडळाचं अध्यक्षपद. देवळातला अखंड दिवा त्याच्या तेलावर जळायचा आणि हे दिव्यालासुद्धा ठाऊक असावं इतक्या वेळा तो सांगायचा. गुड फ्रायडेला शिडीवर चढून येशूच्या हातातले खिळे काढायचा मान सोळा वर्षं त्याचा. पांढरा झगा, पांढरे हातमोजे, हातात चांदीचा मुलामा दिलेला चिमटा. आणि रडायचा किती सुंदर! पहिला खिळा निघाला की एक हुंदका, दुसरा निघाला की दोन. शेजारच्या गावांतून माणसं खास त्याचं रडणं बघायला येत. शेजारच्या गावांना माहीत नव्हतं, की हाच माणूस घरी बायकोला मारतो. आमच्या गावाला माहीत होतं. पण आमचं गाव समजूतदार.

नुन्झियाता दोनदा फादरकडे गेली. फादर पेलेग्रीनो म्हणजे जाडजूड, दमेकरी, मनानं वाईट नाही असा माणूस. दोन्ही वेळा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "बाळ, प्रत्येकाला आपापला क्रूस असतो. धीरानं वाहा." ती घरी जाऊन धीरानं वाहू लागली. आणि तो धीरानं मारू लागला.

हे क्रोचिफिस्साला कळलं तेव्हा ती माझ्या दुकानात आली होती. म्हणाली, "प्रत्येकाला आपापला क्रूस म्हणे. बरं. मग या क्रुसाच्या सुताराचं नाव का नाही सांगत? सगळ्या गावाला माहीत आहे तो कुठं राहतो!"

ही सत्तावन सालातली गोष्ट. पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी नुन्झियाता बहिणीच्या दारात आली. डावा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकलेला. सूप गार होतं, एवढंच कारण. डॉक्टर येऊन हाड बसवून गेले. जाताना म्हणाले, "जिन्यावरून पडली, नाही का?" प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचं. क्रोचिफिस्सानं खोगिराचं जाड चामडं भिजवून, हाताच्या मापानं कापून, वरून पट्टे आवळून असा साचा केला की डॉक्टरांच्या फळ्या त्याच्यापुढे खेळण्यातल्या वाटाव्यात.

आणि बुधवारी, बघा योग कसा असतो, खुद्द बाल्दास्सारे दारात हजर. बायकोसाठी नाही. मागे चौघं जण आणि चादरीत गुंडाळलेला ख्रिस्त. धूळ झटकताना त्याच्या डाव्या खांद्याचं चामडं फाटून हात लोंबायला लागला होता.

मी तेव्हा तिथंच होते, नुन्झियातासाठी रस्सा घेऊन गेले होते. पडद्यामागून सगळं ऐकलं.

"क्रोचिफिस्साबाई, उद्यापर्यंत झालं पाहिजे," बाल्दास्सारे म्हणाला. "डावा हात निखळलाय."

"बघितला मी डावा हात. कालच बसवला."

त्यानं मागच्या चौघांकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरातल्या गोष्टी घरात. हे देवाचं काम आहे."

"तेही घरचंच. हा गरीब माझ्याच बाकावर झोपतो दर वर्षी."

"काम करणार की नाही?"

"नुन्झिया आता इथंच राहणार. हे तू चार माणसांपुढे कबूल कर, मग सुई हातात घेते."

"बाई, तू देवाला ओलीस धरतेस?"

"धरून बघते. तुमच्याच मंडळाकडून शिकले."

मूर्ती बाकावर ठेवून ते निघून गेले. गावात बोंब उठली. लिबोरियोच्या थोरलीनं येशूचा हात अडवून ठेवला! माझ्या दुकानात त्या दिवशी मिठापेक्षा बातमीच जास्त खपली. नोटरीची बायको म्हणाली, "आमचे हे म्हणतात, येशू मेला तो आपल्या सगळ्यांचं देणं चुकवायला. आणि ही त्याच्याकडूनच वसुली करतेय!" फारच हुशार माणूस नोटरी. त्याच्या बायकोच्या गालावरचा पावडरचा थरही त्या दिवशी जरा जास्तच हुशारीनं लावलेला होता.

गुरुवारी सकाळी फादर स्वतः आले. गुरुवारपासून ईस्टरपर्यंत येशूच्या सुतकात घंटा बंद, त्यामुळे वाटेत काताल्दो, आमचा म्हातारा देवळकरी, लाकडी टकटकी वाजवत फिरत होता. फादर आत येऊन धापा टाकत खुर्चीत बसले. मला वाटलं मी उठावं, पण क्रोचिफिस्सा म्हणाली, "बस गं. नाही तरी तुला कळणारच आहे." बाकावर ख्रिस्त पडलेला, एक हात छातीवर, एक मोकळा लोंबकळत. कोपऱ्यात नुन्झियाता, तिचाही हात चामड्यात. फादर कधी इकडे बघत, कधी तिकडे, आणि शेवटी आपल्या बुटांकडे.

"दोन्ना क्रोचिफिस्सा," ते अदबीनं म्हणाले, "त्यानं आपल्यासाठी सोसलं. आपल्या जागी तो टांगला गेला. हा सगळ्या श्रद्धेचा गाभा आहे. त्याचा असा सौदा करू नये."

"आमच्या जागी टांगला गेला ना?"

"आपल्या जागी."

"मग आमची जागा रिकामी झाली का नाही?"

फादर रुमालानं कपाळ पुसू लागले.

"नाही, मी अडाणी आहे म्हणून विचारते. तो चढला म्हणून आम्ही सुटलो, असं तुम्ही दर वर्षी सांगता. मग तो उतरल्यावर पुन्हा तिथं आमच्याच बायकांना का चढवता? एकानं भागत नाही का?"

"मी चढवत नाही, बाई. मी फक्त... दुःखाला अर्थ असतो एवढंच सांगतो. त्यानंही तक्रार केली नाही."

"त्यानं स्वतःहून पत्करलं, फादर. आदल्या रात्री बागेत बसून विचार केला, घाम गाळला, मग हो म्हणाला. असंच आहे ना पुस्तकात? नुन्झियाला कुठल्या बागेत कुणी विचारलं होतं? ही स्वयंपाकघरात सूप आणायला गेली होती."

नुन्झियाता हळूच म्हणाली, "ताई, राहू दे."

"का राहू दे? मला एकच सांगा, फादर. त्या दिवशी देव कुठं होता? खिळे ठोकणाऱ्यांच्या बाजूला की खिळे खाणाऱ्याच्या?"

"खाणाऱ्याच्या," फादर म्हणाले. हे उत्तर तरी त्यांना पाठ होतं. "तो स्वतःच खाणारा होता. तेच तर..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून ते थांबले. एखादा माणूस वर्षानुवर्षं ज्या दारावरून जातो तेच दार एके दिवशी उघडं दिसावं, तसा चेहरा झाला त्यांचा.

मग ते नुन्झियाताकडे न बघता म्हणाले, "तीस वर्षं मी बायकांना हेच सांगत आलोय, बाळ. आपला क्रूस वाहा. कारण दुसरं काही सांगितलं असतं तर मलाच काही तरी करावं लागलं असतं. त्यांच्या नवऱ्यांपुढे जाऊन उभं राहावं लागलं असतं. आणि मंडळ देवळाचं छप्पर दुरुस्त करतं."

"छप्पर गळतंय अजून," क्रोचिफिस्सा म्हणाली.

"गळतंय," फादर म्हणाले. उठले आणि निघाले. दारात क्षणभर थांबले, पण मूर्तीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

ते गेल्यावर क्रोचिफिस्सानं दुकानाचं दार लोटून घेतलं. मग तिनं चष्मा लावला, आरी घेतली, दोऱ्याला मेण लावलं आणि मूर्तीच्या खांद्याशी बसली.

"अगं, बाल्दास्सारेनं कुठं कबूल केलंय?" मी विचारलं.

"माझं भांडण त्याच्याशी आहे," ती म्हणाली. "याच्याशी नाही. याला हात मोडून ठेवण्यात कसला आलाय शहाणपणा? तेवढं तर बाल्दास्सारेलाही जमतं." आणि मूर्तीला म्हणाली, "हं, ढिला सोड."

शुक्रवारी दुपारी ख्रिस्ताला कालवारीवर नेऊन क्रुसावर खिळलं. नवं चामडं, खांदा पक्का. बाल्दास्सारे मंडळातल्यांना सांगत होता, "बघा, आली की नाही वठणीवर? बाईला जरा खंबीरपणे बोलावं लागतं." संध्याकाळी साडेपाचला सगळं गाव टेकडीवर जमलं. काळ्या शाली, पांढरे झगे, बँडवाले, बदाम आणि भाजके हरभरे विकणारे. शेजारच्या गावचे लोक पुढे जागा धरून बसले होते, हुंदके नीट ऐकू यावेत म्हणून.

फादर क्रुसाखाली उभे राहिले. दर वर्षीचं प्रवचन त्यांनी खिशातून काढलं, उलगडलं, पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"त्याला मारणारे राक्षस नव्हते," ते म्हणाले. दम्यामुळे दोन-दोन शब्दांनी थांबत होते, त्यामुळे प्रत्येक शब्द नीट पोचत होता. "चांगल्या घरचे लोक होते. दिव्याला तेल घालणारे होते. आणि सगळ्यात जास्त होते ते बघणारे. मी त्यांच्यात होतो. आज त्याला खाली उतरवायचं आहे. तर ज्यानं आपल्या घरातल्या माणसावर, बायकोवर, लेकरावर, म्हाताऱ्या आईवर, कधी हात उगारला नाही, त्यानं शिडी चढावी. बाकीच्यांनी त्याला हात लावू नये."

आधी कुणाला काही कळलंच नाही. बँडचा झांजवाला सवयीनं एकदा वाजवून बसला आणि मग त्यालाच लाज वाटली.

बाल्दास्सारेनं आजूबाजूला बघितलं, घसा खाकरला आणि हातमोजे ओढत शिडीकडे निघाला. हिंमत मानली पाहिजे. एक पायरी चढला. दुसरी चढला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून नुन्झियाता पुढे आली. नुसती शिडीसमोर येऊन उभी राहिली, चामड्यातला हात छातीशी धरून, जिथून तिला प्रत्येक जण बघू शकेल. वरचा आणि खालचा असे दोन डावे हात एका रेषेत आले. बाल्दास्सारेनं खाली बघितलं. मग, "मला घेरी येतेय," असं कुणाला तरी सांगून खाली उतरला. सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्याला घेरी आली.

शिडी मोकळी झाली. आता कोण?

मंडळाचे बावीस बंधू, बावीस पांढरे झगे. औषधवाला, पिंपं बनवणारा, शाळामास्तर, नोटरी. जो तो दुसऱ्याला वाट करून देतो आहे. एरवी मिरवणुकीत पुढे उभं राहण्यावरून हेच लोक एकमेकांची गचांडी धरायचे. आज विनयाचा पूर आला होता. मी माझ्या गान्दोल्फोकडे बघितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यात त्यानं मला दोनदा मारलं होतं. एकदा कारण होतं, एकदा तेही नव्हतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

सूर्य कलायला लागला. पिंपवाल्यानं हात वर केला. "फादर, ही अट या वर्षापुरती जरा शिथिल नाही का करता येणार?"

"नुसता आवाज चढवला असेल तर?" मागून कुणी तरी.

"आणि बायकोनं आधी मारलं असेल तर?"

लोक हसले, पण ते हसणं टेकडीवर कुणी ठेवून घेतलं नाही, लगेच विरलं. तेवढ्यात काताल्दो देवळकरी काठी टेकत पुढे आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ब्रह्मचारी. "मी चढतो. मला कुठं बायको होती?"

"आई होती ना?" एका म्हातारीनं विचारलं.

काताल्दो जागीच थांबला. त्याचे ओठ हलले. "होती," तो म्हणाला आणि तिथंच दगडावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग क्रोचिफिस्सा निघाली. कमरेला कामाचा चामडी पट्टा, हातात दुकानातला गंजका चिमटा.

"बाई शिडी चढणार?" नोटरी ओरडला. त्याला एकदम धर्म आठवला.

"अट बाई-पुरुषाची नव्हती," फादर म्हणाले. मग तिला विचारलं, "दोन्ना क्रोचिफिस्सा, तुम्ही कधी कुणावर हात उगारलाय?"

"खेचरांवर."

"खेचर घरातलं माणूस नाही."

"आमच्या घरात तेवढंच शहाणं होतं. पण ठीक आहे."

ती चढली. ख्रिस्ताच्या छातीवरून कापडाचा लांब पट्टा घेऊन तो क्रुसावरून मागे टाकतात आणि माणसं त्याची टोकं धरतात, म्हणजे खिळे निघाल्यावर तो दाणकन पडत नाही. ती टोकं कोण धरणार? एक अद्दोलोरातानं धरलं, एक मी. आता मी माझ्या मुलीच्या कानाखाली वाजवलेली आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. पण अट शिडीची होती, पट्ट्याची नव्हती. आपल्यापुरती पळवाट काढायची वेळ आली की मीही बंधुमंडळातलीच.

पहिला खिळा निघाला. हुंदका नाही. फक्त वरून तिचा आवाज, "हं, सावकाश." डावा हात खाली आला, नव्या चामड्यावर, काही न करकरता. मग शिडी दुसऱ्या बाजूला लावून उजवा. मग पाय. पट्ट्याला एकदम वजन आलं. खरंच सांगते, इतकी वर्षं बघत होते, पण तो एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. पट्टा माझ्या हातातून सरकायला लागला. मागून कुणी तरी माझ्या टोकाला हात घातला. नुन्झियाता होती, आपल्या एका हातानं.

शेजारच्या गावचे लोक जरा नाराज होऊन परतले. म्हणाले, यंदा रडणं काही खास झालं नाही.

शनिवारी सकाळी बाल्दास्सारे आपल्या दोन भावांना घेऊन बायको न्यायला आला. मी दुकानातून बघत होते. माझ्या आधी गान्दोल्फो बाहेर पडला. हातात आमची वेताची खुर्ची. गल्ली ओलांडून त्यानं ती क्रोचिफिस्साच्या दारात ठेवली, बसला आणि पाइप पेटवला.

"सरक," बाल्दास्सारे म्हणाला.

"ऊन खातोय," गान्दोल्फो म्हणाला.

"सावलीत?"

"येईल ऊन. मला घाई नाही."

बाल्दास्सारे आणि त्याचे भाऊ थोडा वेळ उभे राहिले. मग पिंपवाला आला, आपली खुर्ची घेऊन. मग काताल्दो, सापडला त्या दगडावर. शेवटी बाल्दास्सारे थुंकला आणि गेला. गान्दोल्फो ईस्टरनंतरचा मंगळवार उलटेपर्यंत तिथंच बसत होता. जेवण मी तिथंच नेऊन द्यायची. माझ्याकडे त्यानं माफी कधी मागितली नाही, आमच्याकडे पुरुषांना ते शिकवतच नाहीत. पण पुन्हा हातही उचलला नाही. तंबाखू मात्र चार दिवस फुकट ओढली, तीही दुकानातली चांगली.

बिशपांना पत्रं गेली. एक सही केलेली, बाकीची निनावी, सगळी एकाच अक्षरात. जूनमध्ये फादर पेलेग्रीनोंची बदली दूर डोंगरातल्या एका वाडीत झाली. हुकमात लिहिलं होतं, तिथली हवा दम्याला चांगली आहे. वरिष्ठांना प्रकृतीची काळजी असतेच. पुढच्या वर्षी नवे तरुण फादर आले. त्यांनी अट वगैरे घातली नाही आणि बाल्दास्सारे पुन्हा शिडी चढला. रडलाही. पण त्याच्या बायकोनं मात्र त्याच वर्षापासून बहिणीच्या दुकानात लगाम शिवायला सुरुवात केली होती, आणि शिडीवरून तिची खिडकी सरळ दिसायची. त्यामुळे त्याचे हुंदके जरा बिघडले असावेत.

बदली झाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मी आणि क्रोचिफिस्सा बसनं फादरना भेटायला गेलो. घोड्याच्या नालाएवढी वाडी. फादर बारीक झाले होते आणि खोकत जास्त होते, हवा चांगली असूनही. त्यांनी आम्हाला बीन्स वाढले. त्यात मीठ नव्हतं. मी पिशवीतून काढून दिलं.

"एक विचारायचं होतं, दोन्ना क्रोचिफिस्सा," ते म्हणाले. "मी बरोबर केलं का?"

"उशीर केलात," ती म्हणाली.

"हो."

"तीस वर्षं."

"हो, हो, माहीत आहे."

तिनं बीन्सचा घास खाल्ला. "पण केलंत. खा आता, गार होतंय."

ते जेवले. मग म्हणाले, "इथं मी आता काय सांगतो माहीत आहे? तो मेला, कारण मारणाऱ्यांपुढे तो मार खाणाऱ्यांना सोडून गेला नाही. तिथंच थांबला. बाकीचं सगळं मी विसरत चाललोय."

"आणि लोक काय म्हणतात?"

"अकरा जण आहेत. त्यातले सात बहिरे."

ती हसली. मग त्यांच्या जपमाळेच्या फाटक्या पाकिटाकडे बघून, "आणा इकडे," म्हणत सुईदोरा काढून बसली. बस सुटायच्या आत शिवूनही झालं.

क्रोचिफिस्सा पुढं बावीस वर्षं जगली. खेचरं गेली, मोटारी आल्या, तर तिनं मोटारीच्या गाद्यांची चामडी शिवली आणि खेचरांशी बोलायची तशीच गाड्यांशी बोलली. एकोणऐंशीच्या ऑगस्टमध्ये, भर उन्हाळ्यात, दुकानातल्या बाकावर दुपारची पडली ती उठलीच नाही. बंधुमंडळाचे लोक पांढरे झगे घालून दारात आले. म्हणाले, बाईंनी देवाची एवढी सेवा केली, मंडळ मानानं खांदा देईल.

नुन्झियाता दारात उभी राहिली. "नको. तुम्हाला त्रास कशाला?"

सहा बायकांनी उचललं. मी मागच्या बाजूला होते. चढाव, रणरणतं ऊन, शवपेटी ओकच्या लाकडाची. अर्ध्या वाटेत दोनदा खाली ठेवून आम्ही पाणी प्यायलो. बायकांना जमायचं नाही असं म्हणणारे मागून रांगेत चालत होते, टोप्या हातात घेऊन. नुन्झियाता सारखी ओरडत होती, "डावीकडून वर! अद्दोलोराता, हसू नकोस, वाकडं होतंय!" अद्दोलोराता रडत होती खरं तर, पण तिचा चेहराच तसा होता.